ठिगळवाली

लोकांना वाटतं, जुन्या फोटोतलं इंजिन ओळखायचं म्हणजे नंबर वाचायचा. टेंडरवर ठळक आकडे रंगवलेले असतात, ते वाचले की झालं. तसं असतं तर संग्रहालयाने मला तीस वर्षं कशाला पोसलं असतं? टेंडर म्हणजे इंजिनाच्या मागे जोडलेली कोळशा-पाण्याची गाडी. ती आज ह्या इंजिनाला, उद्या त्या. वर्कशॉपमध्ये बॉयलर बदलतात, धुराडी बदलतात, चाकंसुद्धा बदलतात. टेंडरवरचा नंबर वाचून इंजिन ओळखणं म्हणजे माणसाच्या हातातली छत्री बघून त्याचं नाव सांगणं. छत्री उसनी असू शकते.

मी रेल्वे संग्रहालयाच्या फोटो-विभागात आहे. एक लांबट खोली, एक मोठी खिडकी, दोन टेबलं, लोखंडी कपाटं आणि अकरा हजारांवर फोटो. प्रत्येक फोटोला एक कार्ड. कार्डावर इंजिन कोणतं, कुठलं, कधीचं, आणि हे सगळं कशावरून ठरवलं ते. खाली सही. त्यातली नऊएक हजार कार्डं माझ्या अक्षरात आहेत. माझं अक्षर चांगलं आणि स्वभाव वाईट, असं विभागात सगळे म्हणतात. दोन्ही खरं आहे. कोणी 'जुने इंजिन, धूर सोडताना' असं लिहून फोटो पाठवला की माझं डोकं फिरतं. धूर सोडणार नाही तर काय, अत्तर?

पण ही नोकरी मी हौसेने धरली नाही. बाबांसाठी धरली.

बाबा फायरमन होते, इंजिनात कोळसा टाकणारे. पन्नास वर्षांपूर्वी, मी सहा वर्षांची असताना, सकाळी आठ वीसची गाडी घेऊन ते आणि त्यांचा ड्रायव्हर निघाले, आणि उतारावर गाडी थांबेना. खालच्या स्टेशनात मालगाडी उभी होती. एकोणतीस माणसं गेली. ड्रायव्हर जागच्या जागी गेला. बाबा वाचले, पण एक पाय कायमचा अधू झाला.

चौकशीत बाबांनी सांगितलं ते असं. कागदावर त्या गाडीला दोनशे बारा नंबरचं इंजिन होतं, ब्रेक नुकतेच दुरुस्त केलेलं. प्रत्यक्षात दोनशे बारा अजून वर्कशॉपमध्येच होतं, त्याचं टेंडर तेवढं इंजिनांच्या शेडमध्ये परत आलं होतं. गाडी तर सोडायची होती. म्हणून फोरमनने दोनशे सात काढलं, ज्याचे ब्रेक धड लागत नाहीत अशी महिनाभर तक्रार चालू होती, आणि त्याच्यामागे दोनशे बाराचं टेंडर जोडून दिलं. वहीत आणि रुळावर एकच नंबर. उतारावर ब्रेक लागेनात तेव्हा ड्रायव्हरने बाबांना मागे पिटाळलं, टेंडरवरचा हाताने फिरवायचा ब्रेक आवळायला. बाबा तो आवळत होते. म्हणून ते टेंडरवर होते, आणि म्हणूनच वाचले.

चौकशीवाल्यांनी खड्ड्यात पालथं पडलेलं इंजिन पाहिलं आणि टेंडरवरचा नंबर वाचला. इंजिनावर एक छोटी पितळी पाटी असते, ती सापडली नाही. दोनशे बारा, ब्रेक उत्तम, चार दिवसांपूर्वी तपासलेले. शेडमध्ये, वर्कशॉपमध्ये नोकरीच्या भीतीने कोणी तोंड उघडलं नाही. मग दोष माणसांचा. आणि फायरमन स्वतःची जागा सोडून टेंडरवर काय करत होता? उडी मारायला गेला होता. आठवड्याभरात इंजिन कापून भंगारात गेलं आणि बाबा घरी बसले.

आमच्या गल्लीत त्यांचं नाव 'उडीवाला' पडलं. शाळेत दोरीवरच्या उड्यांची माझी पाळी आली की मुली हसायच्या. मी दोरी टाकून मारामारी करायचे. स्वभाव तेव्हापासूनचा आहे.

आईचं वेगळं. ती बाबांना कधी टाकून बोलली नाही. शिवणकाम करून घर चालवलं, त्यांच्या पायाला रोज शेक दिला. फक्त एकदा, मी बारा-तेरा वर्षांची असताना, भांडण दुसऱ्याच कशावरून तरी चाललं होतं आणि ती म्हणाली, "मारली असेल उडी तर मारली म्हणा ना. घरात एवढीशी पोर होती, कोणीही मारली असती. मला काही वाटणार नाही. पण खोटं कशाला?"

पुढे बत्तीस-तेहतीस वर्षं दोघं एका घरात नीट वागली, आजारपणात एकमेकांसाठी जागली. तिने सगळं दिलं, विश्वास तेवढा दिला नाही. अकरा वर्षांपूर्वी ती गेली.

दोनशे सातला शेडमध्ये ठिगळवाली म्हणायचे. इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी, धुराड्याच्या खाली, धूर जमतो तो गोल डबा असतो. तो डावीकडे गंजून फुटला होता, तिथे बाहेरून वहीच्या पानाएवढा पत्रा ठोकला होता. पंधरा रिव्हेट, आणि वरच्या पुढच्या कोपऱ्यात सोळावा तुटला म्हणून बोल्ट. हे बाबांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की माझ्या स्वप्नात इंजिन येतं ते ठिगळासकट येतं. वर्कशॉपच्या दुरुस्तीच्या वहीतही ती नोंद आहे: दोनशे सात, डावीकडे पत्रा. म्हणजे त्या सकाळचा, त्या गाडीचा, ठिगळ दिसणारा एक फोटो मिळाला की बाबा खरे. एक फोटो. तो शोधायला मी संग्रहालयात चिकटले.

पहिल्या चार वर्षांत एकदा मला वाटलं मिळाला. मी धावत घरी नेला. बाबांनी पाहिला आणि म्हणाले, "ही ती नाही." दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हापासून मी ठरवलं, शंभर टक्के खात्री असल्याशिवाय त्यांच्यापुढे काहीही न्यायचं नाही.

आमचे तेव्हाचे साहेब, ज्यांना आम्ही पाठीमागे भिंगसाहेब म्हणायचो कारण भिंग त्यांच्या गळ्यात दोरीला लटकलेलं असायचं, त्यांना माझी गोष्ट माहीत होती. ते म्हणायचे, "जे दिसतं ते लिही. जे हवंय ते लिहू नकोस." मी ते इतकं मनावर घेतलं की जे हवं असेल ते दिसलं तरी लिहायचं नाही, अशी माझी सवय झाली. त्यांचा दुसरा नियम होता, "आधी काच, मग कागद." म्हणजे छापलेला फोटो हातात आला तरी आधी त्याची काचेची निगेटिव्ह बघायची. तो नियम मी पाळायचे. बहुतेक वेळा.

परवाच्या शनिवारी पत्र आलं. अपघाताला पन्नास वर्षं होतात म्हणून गेलेल्यांच्या नातेवाइकांची समिती त्या जागी एक दगड उभारणार होती. पुढच्या रविवारी कार्यक्रम, 'आपली उपस्थिती प्रार्थनीय'. सोबत दगडावरचा मजकूर: 'चालक व फायरमन यांच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या अपघातात प्राण गमावलेल्या एकोणतीस जणांच्या स्मरणार्थ.' फायरमनच्या घरी हे पत्र कोणी मुद्दाम पाठवलं की यादीत नाव होतं म्हणून आलं, मला माहीत नाही.

बाबांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं. ते आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, डोकं लख्ख आहे, हातांना कंप आहे. पत्राची घडी करायला त्यांना वेळ लागला.

"गल्लीतली माणसं मेली," ते म्हणाले. "हसणारे गेले. मला वाटलं, आता मी गेलो की हे संपलं. दगड कुठं मरतो पोरी?"

काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ना, ती आता खरोखरच मारली जाणार होती. मी समितीच्या अध्यक्षांना फोन केला. ते सभ्यपणे बोलले. मजकूर चौकशी अहवालाप्रमाणे आहे, पाथरवट बाकीची अक्षरं कोरतोय, ही पहिली ओळ शुक्रवारी घेणार आहे. पुरावा असेल तर आणा. "पन्नास वर्षांत आणला नाहीत, म्हणून म्हणतो," ते म्हणाले.

रविवारी सुट्टी असूनही मी विभाग उघडला. सोमवारी, मंगळवारी इतर सगळी कामं बाजूला टाकली. त्या शेडचे, त्या लाइनचे, त्या पाच वर्षांतले सगळे खण टेबलावर उपडे केले. आठशेच्या वर फोटो. एकेक भिंगाखाली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते भिंगामुळे की कशामुळे ते मी स्वतःला विचारलं नाही. मंगळवारी दुपारी मी टेबलावर डोकं टेकून रडले, आणि शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने न विचारता खिडकी उघडून दिली, ह्याबद्दल त्याला मी आजवरचं सगळं माफ केलंय.

त्यातच तो फोटो पुन्हा हाताला लागला. मला तो आठवत होता. एका कारखान्याचा खेळाडूंचा संघ प्लॅटफॉर्मवर ओळीने उभा आहे, पांढरे शर्ट घातलेली बारा माणसं. मागे इंजिन, टेंडर त्यांच्या डोक्यांआड झाकलेलं. इंजिनाच्या खिडकीतून दोन माणसं डोकावताहेत, चेहरे धुराने काळवंडलेले. वर स्टेशनचं घड्याळ, आकडे नसलेलं, नुसत्या रेघांचं. आणि धुराड्याखाली ठिगळ. पण उजव्या बाजूला.

मागे माझं कार्ड चिकटवलेलं. सव्वीस वर्षांपूर्वीचं, माझ्या चांगल्या अक्षरात: 'शाखा-लाइनवरील याच बांधणीचे इंजिन. वाफेचा नळ व ठिगळ उजवीकडे, म्हणून २०७ नव्हे. स्टेशनच्या घड्याळात तीन चाळीस. त्या दिवशी दुपारी प्रवासी गाडी नव्हती. पाकिटावरील तारीख चुकीची समजावी.' पाकिटावर फोटो-स्टुडिओने तारीख लिहिली होती, ती अपघाताच्या दिवसाची. ती मी खोडून काढली होती, लाल शाईने.

मला आठवलं, तेव्हा भिंगसाहेबांनी विचारलं होतं, "खात्री आहे ना? काच बघितलीस?" काचा तेव्हा दुसऱ्या इमारतीत होत्या, किल्ली कोणाकडे तरी अडकली होती. मी म्हणाले होते, "साहेब, बाजू उघड दिसतेय. उगाच मला हवं ते बघायचं नाहीये." ते माझ्याकडे जरा बघत राहिले आणि त्यांनी कार्ड तसंच राहू दिलं. मला त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला होता. घरचं दुःख बाजूला ठेवून मी काम केलं होतं.

मंगळवारी मी तो फोटो परत खणात ठेवला. मन म्हणालं, बाबांना दाखव. मी म्हणाले, कशाला, पुन्हा दोन दिवस उपाशी राहतील.

बुधवारी संपूर्ण शेडचे फोटो संपले. काही नाही.

गुरुवारी सकाळी मी बाबांना शर्ट घालत होते. कंपामुळे त्यांना बटणं लावता येत नाहीत, गेली तीन वर्षं ते माझं काम आहे. ते पलंगाच्या कडेला बसतात, मी समोर स्टूल घेऊन बसते आणि खालून वर लावत येते. त्या दिवशी मी काही बोलत नव्हते. वरचं बटण लावून झालं की त्यांच्या खिशात मी रुमाल ठेवते. रुमाल ठेवायला माझा उजवा हात पुढे गेला, आणि तसाच थांबला.

खिसा माझ्या उजव्या हाताला होता. समोरच्या माणसाचा खिसा नेहमी माझ्या उजव्या हाताला असतो, कारण तो त्याच्या डाव्या छातीवर असतो. आणि त्या फोटोतल्या बारा माणसांचे खिसे मला दिसले ते माझ्या डाव्या हाताला. बाराच्या बारा.

"काय गं?" बाबा म्हणाले. "काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले. "आज मी लवकर जाते."

काचेची निगेटिव्ह एका बाजूने गुळगुळीत असते, दुसऱ्या बाजूला चित्र उमटतं तो थर असतो. थराची बाजू कागदाला लावून छापायचं. उलटी ठेवली तरी फोटो येतो, छान येतो, फक्त आरशातला येतो. डावं उजवीकडे. फोटोत पाटी असेल, आकडे असतील, तर शेंबडं पोरही ओळखेल. ह्यात पाटी नव्हती, नंबर माणसांआड होता, घड्याळाला आकडे नव्हते. आणि आरशात तीन चाळीस दिसतात तेव्हा घड्याळात आठ वीस झालेले असतात. रस्ताभर मी हा हिशोब पुन्हा पुन्हा करत होते आणि तो पुन्हा पुन्हा बरोबर येत होता. मला आनंद व्हायला हवा होता. तो होत नव्हता.

काच आता आमच्याच तळघरात आहे, पंधरा वर्षं आहे. मी ती खिडकीशी धरली, थर माझ्याकडे, मग उलटी, थर उजेडाकडे. कडेला स्टुडिओवाल्याने थरावर टाचणीने आकडा आणि तारीख खरवडली होती. थराच्या बाजूने तारीख सरळ वाचता येत होती, आणि तेव्हा ठिगळ उजवीकडे होतं. म्हणजे माझं कार्डच बरोबर? मग लक्षात आलं, थरावर आकडा खरवडणारा कारागीर नवशिका होता, तो उलटा लिहायचा असतो हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तसा तो असणारच, त्यानेच तर फोटो उलटा छापला होता, स्वतःचा आकडा सरळ यावा म्हणून. मग छापलेल्या फोटोच्या कडा कापताना तोच आकडा कापून टाकला. थर उजेडाकडे धरला की नळ डावीकडे, ठिगळ डावीकडे, घड्याळात आठ वीस, बाराही खिसे जागच्या जागी. काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझ्या कपाटात फोटो, आणि मी सव्वीस वर्षं तो हुडकत होते.

अंधारखोलीत मी तो नव्याने छापला. पहिला कागद वाया गेला. दुसऱ्यावर हळूहळू इंजिन उगवलं. पंधरा रिव्हेट आणि कोपऱ्यात बोल्ट. तो बोल्ट जुन्या फोटोतही होता. तेव्हा मी मनात म्हटलं होतं, बोल्ट काय, कुठेही मारतात. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मी इतरांना किती वेळा ऐकवलंय.

अध्यक्षांचं घर पाथरवटाच्या आवारापासून जवळच होतं. सत्तरीचे गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, टेबलावर फायली. मी दोन्ही फोटो मांडले, काच कापडातून काढली आणि बोलायला लागले. त्यांनी हात वर केला, एक फाइल उघडली आणि एक कागद माझ्यापुढे सरकवला. माझ्या कार्डाची प्रत.

"आम्हीही अभ्यास केलाय," ते म्हणाले. "आठ वर्षांपूर्वी तुमच्याच संग्रहालयातून कार्ड तेवढं मागवलं होतं. पाकिटावरची तारीख चुकीची, इंजिन दुसरं. खाली सही कोणाची आहे?"

"माझी."

"मग?"

"मी चुकले."

"तेव्हा चुकलात. आज चुकत नाही कशावरून? परवा दगडाचं पत्र मिळालं आणि आज फोटो सरळ झाला. लोक काय म्हणतील ते तुम्हाला सांगायला नको."

मला राग आला नाही. पहिल्यांदाच आयुष्यात, राग यायला हवा तिथे आला नाही, कारण मी त्यांच्या जागी असते तर हेच विचारलं असतं, आणि ह्याहून वाईट आवाजात. मी त्यांना भिंतीवरचं घड्याळ आरशात दाखवलं. खिसे दाखवले. काच उजेडात धरली. ते ऐकत होते, पण त्यांचं लक्ष फोटोकडे लागलं होतं, इंजिनाकडे नाही, पुढच्या ओळीकडे. त्यांनी जुना फोटो उचलला, नवा उचलला, पुन्हा जुना. मग नव्या फोटोत डावीकडून चौथ्या माणसावर बोट ठेवलं.

"हा माझा दादा," ते म्हणाले.

मी काच टेबलावर ठेवली.

"त्यांचा संघ सामन्याला निघाला होता. त्या दिवशी फोटो काढल्याचं आई सांगायची. आम्हाला कधी मिळाला नाही." त्यांनी जुना फोटो माझ्याकडे ढकलला. "ह्यात तो ओळखूच येत नाही. दादाचा भांग डावीकडे होता."

नवा फोटो त्यांनी हातातच ठेवला. त्यांनी पन्नास वर्षं माझ्या बाबांचा द्वेष केला असणार, आणि तो एका दुपारी कुठे ठेवायचा हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "लेखी द्या. कार्ड कसं चुकलं, कोणाचं चुकलं, सगळं. संग्रहालयाच्या कागदावर. नाहीतर मला समितीपुढे बोलता येणार नाही."

त्याचा अर्थ मला कळत होता. माझी नऊ हजार कार्डं आता कोणीही उचलून विचारेल, हिने काच बघितली होती का? मी तिथेच लिहायला घेतलं. 'निगेटिव्ह न तपासता निष्कर्ष काढला. चूक माझी.' अक्षर वाईट आलं. सही केली.

ते मला आवारात घेऊन गेले. पाथरवटाने उद्याची ओळ आजच धरली होती. 'चालक व फायरमन' एवढं कोरून झालं होतं, 'यांच्या'ला सुरुवात झाली होती. अध्यक्षांनी थांबायला सांगितलं. पाथरवटाने छिन्नी खाली ठेवली, दगडावर हात फिरवला आणि म्हणाला, "पुसता येत नाही साहेब. एवढा भाग खोल घेऊन वरून तुकडा बसवावा लागेल. ठिगळ दिसणार."

"दिसू दे," अध्यक्ष म्हणाले.

मी घरी आले तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. बाबा खुर्चीत बसले होते. मी त्यांचा चष्मा पुसून दिला आणि फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला. वाटेत मी शंभर वेळा ठरवलं होतं की म्हणायचं, आज सापडला. खोटंही नव्हतं ते.

त्यांनी फोटो पाहिला. थरथरतं बोट आधी ठिगळावर गेलं, मग बोल्टवर, मग खिडकीतल्या दोन चेहऱ्यांवर.

"हा ड्रायव्हर," ते म्हणाले. "हा मी. केवढे केस होते बघ." मग घड्याळावर बोट ठेवून, "आठ वीस. बरोबर. निघता निघता काढलाय." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. "दगडाचं?"

"ती ओळ काढली. नवा तुकडा बसवणार."

ते मान हलवत राहिले. चेहरा असा मोकळा झालेला मी कधी पाहिला नव्हता. तेवढ्यावर थांबले असते तर चाललं असतं.

"कुठं मिळाला गं? इतकी वर्षं कुठं होता?"

मी स्टुलावर बसले. "माझ्याकडेच होता बाबा. माझ्या कपाटात. उलटा छापला होता, मी काच बघितली नाही, आणि हा तो नाही असं मीच लिहून ठेवलं. तुम्हाला दाखवलाही नाही. तुम्ही बघितला असता तर तुमचा तुम्ही चेहरा ओळखला असतात."

ते माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. काहीतरी मोजत असल्यासारखे.

"कधी?"

"सव्वीस वर्षं झाली."

"सव्वीस." त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे, जिथे आता कोणी नसतं. "म्हणजे तेव्हा तुझी आई होती."

"होती."

"पुढं पंधरा वर्षं होती."

माफ करा म्हणायला तोंड उघडलं, पण तो शब्द इतका छोटा होता की मलाच त्याची लाज वाटली. फोटो त्यांनी शेजारच्या टेबलावर ठेवला, पालथा नाही, नीट. मग संध्याकाळी शर्ट बदलायची वेळ झाली तसा मी सवयीने स्टूल पुढे ओढलं आणि हात वरच्या बटणाकडे नेला.

त्यांनी माझा हात धरून हळूच बाजूला केला.

"राहू दे," ते म्हणाले. "माझा मी बघतो."

ते स्वतः बटण काढायला लागले. बोटं बटणावरून सटकत होती, पुन्हा जात होती. पहिलं बटण निघायला फार वेळ लागला. मग त्यांनी दुसरं धरलं. मी समोर बसून राहिले, हात मांडीवर ठेवून.